डाव्या चाकामागचा कंट्रोलर

मिनीव्हॅन घेणार नाही, अशी शपथ न्यू जर्सीतल्या प्रत्येक मराठी तरुणाने एकदा तरी घेतलेली असते. पहिल्या मुलाच्या वेळी ती डळमळते, दुसऱ्याच्या वेळी मोडते, आणि सासू-सासरे सहा महिन्यांसाठी यायचे म्हटल्यावर तोच तरुण (एव्हाना त्याचं पोट सुटलेलं असतं) शोरूममध्ये उभा राहून सरकता दरवाजा पाच-पाच वेळा उघडून मिटून बघतो. दोघं नवरा-बायको, दोन पोरं, दोन म्हातारी माणसं, 23-23 किलोच्या चार बॅगा आणि वर ‘हातातच राहू दे’ म्हणून मांडीवर धरलेला चकल्यांचा डबा, हे सगळं एका खेपेत नेणारं दुसरं वाहन मला तरी माहीत नाही. टेम्पो आहे, पण त्यात पोरांची कारसीट बसत नाही.

गंमत म्हणजे ही गाडी जन्माला आली तीच मुळी नोकरीवरून हाकललेल्या माणसाच्या हातून. ली आयाकोकाला फोर्डने 1978 मध्ये काढून टाकलं. तो क्रायस्लरमध्ये गेला, तर ती कंपनी स्वतःच बुडायला टेकलेली. अमेरिकन सरकार दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला जामीन राहिलं तेव्हा कुठे तगली. अशा गाडीची कल्पना आयाकोका आणि त्याचा सहकारी हॅल स्पर्लिक यांच्या डोक्यात फोर्डमध्ये असल्यापासून होती, पण तिथे ती कोणी मनावर घेतली नाही. 1983 च्या नोव्हेंबरात ती क्रायस्लरच्या कारखान्यातून बाहेर पडली. इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना, त्यामुळे मधून जाणारा दांडा नाही, आतली जमीन ओट्यासारखी सपाट, आणि उंची एवढीच की घरच्या गॅरेजात मावावी. कंपनी तरली. पुढे होंडा, टोयोटा सगळ्यांनीच तशा गाड्या काढल्या. माझी व्हॅन यांच्यापैकी कोणाची, की आणखी कोणाची, हे मी सांगणार नाही. उखाण्यात घ्यायला सांगितलं तरी नाव घेणार नाही.

प्रसंग गणपतीतला. मंडळाचं मखर व्हॅनमध्ये आडवं घातलेलं, सासूबाईंच्या मांडीवर मोदकांचं पातेलं, मागे दोन्ही पोरं झब्बा-परकरात, बायको शेवटच्या सीटवर मखराचा एक खांब धरून, आणि पुढे माझ्या शेजारी मामा. मामा म्हणजे माझे सासरे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं काढून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. दक्षिण महाराष्ट्रातला एक डेपो, आणि त्याआधी दापोडीच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून घालवलेले दिवस. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर धावली, हे ते घरातल्या कोणाचा तरी वाढदिवस असल्यासारखं सांगतात. अमेरिकेत आल्यापासून त्यांची एकच तक्रार होती: इथे गाड्यांचा आवाज येत नाही, त्यामुळे माणसाला गाडीची तब्येत कळत नाही.

ती तक्रार त्या सकाळी मिटली. गार्डन स्टेट पार्कवेवर शिरलो, पाय दाबला, आणि व्हॅनने मिक्सरमध्ये खोबरं घातल्यासारखा आवाज काढला. काटा वर, वेग खाली. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत दोन्ही अंगांनी पुढे जायला लागल्या आणि ताशी पस्तीस मैलांच्या वर काही केल्या काटा हलेना.

“दुसऱ्यात अडकलीय,” मामा म्हणाले. समोर बघत, शांतपणे, जणू हवामानाबद्दल बोलावं तसं.

“मामा, ही ऑटोमॅटिक आहे. हिला गिअर नसतो.”

मामांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मुलगी देताना आपण नीट चौकशी केली होती ना, असा एक प्रश्न त्या नजरेत होता.

“जावईबापू, गिअर नसतो असं नसतं. तुम्हाला दिसत नाही, एवढंच. दुसऱ्यात कुंभार्ली घाट चढायचा असतो. सपाटीला दुसरा म्हणजे इंजिनाला मारायचं काम.”

मागून थोरलीने विचारलं, “आजोबा, गाडी का रडते?” आणि सासूबाई म्हणाल्या, “हळू चालवतायत तेच बरं आहे. मोदक मोडत नाहीत.”

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. गेली वीस वर्षं बँकांच्या संगणकांना मी एकच औषध देत आलोय: बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा. तेच केलं. कडेला घेतली, बंद केली, दहा मोजले, चालू केली. व्हॅन मुकाट्याने पहिला, दुसरा, तिसरा घेत निघाली. मी मामांकडे विजयी मुद्रेने बघितलं. मामा म्हणाले, “दारुड्याला झोपवून उठवलं की तोही एक तास बरा चालतो.”

पुढचे तीन आठवडे मी ते औषध चालवलं. आधी चार दिवसांतून एकदा, मग रोज, मग सिग्नलगणिक. हिरवा दिवा लागला की सगळे निघायचे आणि मी बंद करून दहा मोजायचो. शेवटी एक दिवस मोजून झाले तरी दुसरा गिअर सुटला नाही, आणि मी गाडी घेऊन एका गिअरबॉक्सवाल्याकडे गेलो. कोण, कुठला, ते जाऊ दे. त्याने व्हॅन पार्किंगमधून एक चक्कर मारून आणली, चेहरा पाडून माझ्यासमोर आला आणि म्हणाला, ट्रान्समिशन गेलं. पूर्ण बदलावं लागेल. 5,200 डॉलर. हे त्याने अशा सुरात सांगितलं की मला वाटलं आता खांद्यावर हात ठेवून ‘शेवटी कोणाच्या हातात असतं का हे’ म्हणणार.

व्हॅनची विकून येणारी किंमत त्याहून कमी होती.

घरी येऊन हे सांगितल्यावर मामांनी एकच प्रश्न विचारला. “उघडून बघितलं का त्यानं?” नाही. “तेल बघितलं?” नाही. “मग त्याला काय दृष्टांत झाला?”

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. न्यू जर्सी हे असं राज्य आहे की इथे पंपावर स्वतःच्या गाडीत स्वतः पेट्रोल भरायला 1949 पासून कायद्याने मनाई आहे. पंपावरचा माणूस येतो, भरतो, आपण काच खाली करून कार्ड देतो. ज्या माणसाने बावीस वर्षांत साधी पेट्रोलची नळी हातात धरलेली नाही, तो माणूस आता गिअरबॉक्सच्या भानगडीत हात घालणार होता. बायकोने फक्त एवढंच विचारलं की उरलेला पगार कोणत्या खात्यात आहे.

सुरुवात स्कॅनरपासून झाली. 1996 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारमध्ये डॅशबोर्डखाली एक ठरावीक आकाराचं सॉकेट द्यावंच लागतं. त्यात 25 डॉलरचा स्कॅनर खुपसला की गाडी आपली दुखणी आकड्यांत सांगते. माझ्या गाडीने पहिला आकडा सांगितला पी 0700. याचा अर्थ काय, तर ‘ट्रान्समिशनच्या नियंत्रणात बिघाड आहे’. बस. कसला, कुठे, का, ते नाही. म्हणजे इंजिनाच्या संगणकाला शेजारच्या खात्याकडून कळलंय की तिथे काहीतरी बिनसलंय, तपशिलासाठी संबंधित खिडकीवर चौकशी करावी. मी संबंधित खिडकीवर गेलो. तिथे दुसरा आकडा होता, यू 0101: टीसीएमशी संपर्क होत नाही. म्हणजे खिडकी बंद आणि आत माणूस नाही.

“टीसीएम म्हणजे कोण?” मामा.

मी समजावायला लागलो. ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल. छोटी ॲल्युमिनियमची पेटी. गिअरबॉक्समध्ये शिरणारा दांडा किती फिरतोय आणि बाहेर पडणारा किती, पाय किती दाबलाय, तेल किती तापलंय, दांडी कुठल्या अक्षरावर आहे, हे सगळं तिला सतत कळवलं जातं. त्यावरून ती ठरवते की आता कुठला गिअर. मग त्या हिशेबाने छोट्या विजेच्या झडपांना करंट देते, झडपा तेलाची वाट उघडतात-मिटतात, तेलाच्या दाबाने आतले क्लच धरतात-सुटतात. आणि पेटीला काही कळेनासं झालं, किंवा पेटीच गेली, तर झडपांचा करंट बंद होतो. करंट नसला की तेल आपोआप एकाच वाटेने जातं, कुठल्या गाडीत दुसऱ्या गिअरला, कुठल्या गाडीत तिसऱ्याला. लंगडत का होईना, माणूस घरी पोचावा म्हणून ती सोय.

“म्हणजे ती स्वतः गिअर टाकत नाही.”

“नाही.”

“तिला चाक नाही, दाता नाही, तेल लागत नाही.”

“नाही.”

“एका जागी बसून नुसत्या नोंदी घेते आणि दुसऱ्यांना सांगते, तू आता सुट, तू थांब.”

“हो.”

मामा खुर्चीतून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी माझ्या लग्नातही बघितलं नव्हतं.

“अहो, हा कंट्रोलर!”

ज्यांनी एसटीचा स्टँड बघितलाय त्यांना सांगायला नको. स्टँडच्या मधोमध एक केबिन, केबिनीला जाळीची खिडकी, खिडकीत वाहतूक नियंत्रक. पाट्या, नोंदवही, समोर माइक. ड्रायव्हर-कंडक्टर खिडकीशी येऊन सही घेतात आणि मगच गाडी हलते. मामांचं त्यांच्या डेपोतल्या कंट्रोलरशी छत्तीस वर्षांचं वैर होतं. किंवा ठरावीक एकाशी नाही, त्या खुर्चीशी. गाडी उशिरा सुटली की माइकवर घोषणा व्हायची: तांत्रिक बिघाडामुळे. तांत्रिक म्हणजे वर्कशॉप, वर्कशॉप म्हणजे मामा. खरं कारण बऱ्याचदा हे असायचं की गाडी धुऊन पुसून डेपोच्या फाटकात उभी आहे आणि ती कुठल्या फलाटावर लावायची हे वरून सांगितलंच गेलेलं नाही. मामांचा त्यावरून एक सिद्धांत तयार झालेला होता. तो मी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणापासून ऐकत आलो आहे: गाडी खराब नसते, कंट्रोलर खराब असतो.

आणि आता आठ हजार मैलांवर, परक्या मुलखात, एका यंत्राने स्वतःच्या तोंडाने तो सिद्धांत आकड्यांत कबूल केला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा गॅरेजमध्ये. मी त्यांना माझा पाना-सेट दाखवला. 200 नगांचा, निळ्या पेटीतला, सेलमध्ये घेतलेला, अजून प्लास्टिकमधून न काढलेला. मामांनी तो पुस्तकांच्या दुकानात पुस्तक चाळावं तसा चाळला आणि खाली ठेवला. मग स्वतःच्या बॅगेतून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक 10-11 चा रिंग पाना काढला. सहा महिन्यांसाठी मुलीकडे येताना माणूस औषधं आणतो, चष्मा आणतो. मामांनी 10-11 चा पाना आणला होता. “लागतोच,” ते म्हणाले.

पहिलं काम तेल. मामा बॉनेटमध्ये वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. “काडी कुठाय?” गिअरबॉक्समधलं तेल मोजायची काडी नव्हतीच. नळी होती, नळीवर टोपण होतं, आणि टोपणावर इंग्रजीत लिहिलेलं होतं की हे फक्त डीलरने उघडावं. मी वाचून दाखवलं. मामांनी टोपण उघडलं.

तारेला फडकं गुंडाळून त्यांनी नळीतून थोडं तेल वर काढलं. लाल, पारदर्शक. बोटांत चोळलं, नाकाशी नेलं, मलाही हुंगायला लावलं. आतले क्लच जळले असतील तर हे तेल काळं पडतं आणि त्याला करपल्याचा वास येतो. चोळलं तर चरचरतं. इथे काही नव्हतं. “बघा. पोरगं निरोगी आहे. पाच हजार मागत होता याचे.” हे वाक्य त्यांनी तेलाकडे बघून म्हटलं की गिअरबॉक्सवाल्याला उद्देशून, ते मला कळलं नाही, पण त्यात अख्ख्या वर्कशॉपचा अपमान भरून निघाला होता.

मग कंट्रोलरचा शोध. आमच्या व्हॅनमध्ये तो पुढच्या डाव्या चाकाच्या मागे, काळ्या प्लास्टिकच्या पडद्याआड बसवलेला निघाला. चाक काढलं, पडदा काढायला गेलो, तर पडद्याचा खालचा कोपराच गायब. दोन वर्षांपूर्वी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये फुटपाथला घासला होता तो. (कोणाकडून घासला, हे घरात अजून ठरायचं आहे.) त्या भोकातून दोन हिवाळे चाकावरचं पाणी आत उडत होतं, आणि इथल्या हिवाळ्यातलं पाणी नुसतं पाणी नसतं. बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, पोतंपोतं. म्हणजे आम्ही आमच्या कंट्रोलरला दोन वर्षं कैरीसारखा मिठाच्या पाण्यात मुरवत ठेवला होता.

मामांनी बॅटरीची निगेटिव्ह आधी काढली, मग कनेक्टरच्या मधोमधचा बोल्ट, आणि कनेक्टर ओढून बॅटरीच्या उजेडात धरला. आतल्या बारीक पिनांवर हिरवं चढलं होतं. पोपटी, पावडरीसारखं.

“कळकलाय,” मामा म्हणाले.

मी त्या क्षणापर्यंत या दोषाला काय म्हणतात ते इंग्रजीत तीन प्रकारे वाचलं होतं. पण कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की जे होतं, तेच इथे झालंय, हे एका शब्दात कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं, “अगोबाई, हो की,” म्हणाल्या, आणि आत जाऊन चिंचेचा गोळा घेऊन आल्या. तो त्यांच्या हातातून काढून घेताना मला जितके कष्ट पडले तितके पुढे मॉड्यूल काढतानाही पडले नाहीत.

चिंचेऐवजी विजेच्या जोडण्या धुवायचा स्प्रे आणि धाकट्याचा जुना दात घासायचा ब्रश वापरून पिना साफ केल्या. जोडलं. बंद, दहा, चालू. तोच पिवळा दिवा, तोच दुसरा गिअर. मग मामांनी टेस्ट लॅम्प बनवला: ब्रेकचा जुना बल्ब, दोन वायरी, वायरीच्या टोकाला सासूबाईंच्या साडीची पिन. नकाशा मी फोनवर बघून सांगायचो, कुठल्या नंबरच्या पिनेवर बारा व्होल्ट यायला हवेत, कुठली अर्थ. मामा पिन टेकवायचे आणि बल्ब लागायचा. सगळीकडे लागला. “करंट पोचतोय, अर्थ आहे, तरी तोंडातून शब्द नाही. म्हणजे आतूनच गेलाय.” तीन स्क्रू काढून त्यांनी पेटी बाहेर काढली. अर्धा किलो मिठाईच्या बॉक्सएवढी. हलवली, तर आतून पाणी वाजलं.

मामा थोडा वेळ ती पेटी हातात घेऊन तसेच उभे होते. छत्तीस वर्षं जाळीच्या आड बसलेला माणूस पहिल्यांदा हातात आला होता.

आता नवा कंट्रोलर. मामांचं म्हणणं, भंगारातून आणू. इथलं भंगार त्यांना एकदा बघायचंच होतं. आम्ही गेलोही; एकरच्या एकर गाड्या, आपले पाने आपण न्यायचे, आपण काढायचं, फाटकावर पैसे द्यायचे. मामा तिथे तीन तास असे फिरले, जसे लोक पंढरपुरात फिरतात. आमच्याच जातीची एक व्हॅन सापडली, तिचा मॉड्यूल धडधाकट, कोरडा. पण मी अडवलं. प्रत्येक गाडीला 17 अक्षरा-आकड्यांचा एक नंबर असतो, आणि आमच्या या मॉड्यूलच्या पोटात तो लिहिलेला असतो. दुसरीकडून आणलेला बसवला तर गाडी म्हणते, हा आपल्यातला नव्हे. मामांना हे पटेना. “बदलीवर आलेला माणूस चार्ज घेतोच की!” घेतो, पण ऑर्डर लागते, मी म्हटलं. तेव्हा पटलं.

शेवटी दुरुस्त करून पुसून कोरा केलेला मॉड्यूल मागवला. 310 डॉलर, शिवाय 75 डॉलर अनामत. जुना परत पाठवला की अनामत परत. बसवायला मामांना बारा मिनिटं लागली. 10-11 चा पाना दोनदा लागला. माझ्या 200 नगांच्या सेटमधलं एकच हत्यार कामी आलं, ते म्हणजे पेटी. तिच्यावर मामा बसले होते.

आणि मग ऑर्डर. म्हणजे प्रोग्रॅमिंग. त्यासाठी घरी येणारा एक पोलिश माणूस मिळाला, 150 डॉलरवाला. लॅपटॉप, केबल आणि बॅटरीला जोडायचं एक जड यंत्र घेऊन आला. प्रोग्रॅम आत जात असताना व्होल्टेज खाली आलं तर मॉड्यूल अर्धवट राहतो आणि कायमचा जातो, म्हणून ते यंत्र. आल्याबरोबर त्याने सांगितलं: आता अर्धा तास गाडीला कोणी शिवायचं नाही. दार नाही, रेडिओ नाही, दिवा नाही.

“सोवळं आहे,” मामांनी घरच्यांना सांगितलं, आणि सगळे भिंतीला टेकून रांगेत उभे राहिले.

पोलिश माणसाने केबल जोडली आणि आमच्या व्हॅनचा सतरा अक्षरी नंबर तिच्यातून हळूहळू पेटीच्या कानात जायला लागला. सासूबाई हळूच म्हणाल्या, बारसंच आहे की हे. आत्याच्या जागी हा उंचापुरा दाढीवाला, नाव एवढं लांब की पाळण्यावर मावू नये, आणि पाठीत गुद्दे घालायला भोवती कोणी बायका नाहीत. लॅपटॉपवर निळी पट्टी सरकत होती. चाळीस टक्के. साठ. ब्याऐंशी. त्र्याऐंशी टक्क्यांवर धाकट्याने खिशातली किल्ली काढून बटण दाबलं.

सरकता दरवाजा उघडायला लागला. मिनीव्हॅनचा दरवाजा घाईने कधी उघडत नाही. तीनदा टिंग-टिंग करतो, मग नाटकातल्या पडद्यासारखा आपल्या लयीत मागे सरकतो, आणि ते सगळं होईस्तोवर आम्ही सहा मराठी आणि एक पोलिश माणूस श्वास रोखून बघत होतो. पोलिश माणसाच्या ओठांतून त्याच्या भाषेतला एक शब्द निघाला. त्याचा अर्थ मामांना बरोबर कळला असावा, कारण त्यांनी मान डोलावली. पट्टी थांबली. मग चौऱ्याऐंशी झाली.

शंभर झाल्यावर त्याने किल्ली फिरवली. पिवळा दिवा आला आणि गेला. तो परत आला नाही.

पण काम संपलं नव्हतं. आमचा जुना कंट्रोलर चौदा वर्षं त्या गिअरबॉक्सबरोबर राहिलेला. कुठला क्लच किती झिजलाय, कोणाला किती तेल दिलं की धरतो, सगळं त्याला पाठ. नव्याला काहीच माहीत नाही. तो पहिल्या दिवशी प्रत्येक गिअरला असा दणका देत होता की मागे बसलेल्या सासूबाईंनी राम म्हटलं. त्याला शिकवावं लागतं: थांबलेल्या गाडीपासून हलका पाय, एकामागून एक गिअर वर जाऊ द्यायचे, सावकाश थांबायचं, पुन्हा तेच, पंधरा-वीस वेळा. एका ओस पडलेल्या मॉलच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघं रविवारी सकाळी गेलो. मी चालवत होतो. मामा डोळे मिटून ऐकत होते.

“दाबू नका. हां. पहिला... आता दुसरा... थांबा, देतोय तो... तिसरा. सोडा.”

दहाव्या फेरीला दणका गुदगुलीएवढा राहिला. चौदाव्या फेरीला मामा गप्प झाले, कारण कुठला गिअर कधी पडला ते त्यांना कळेना. “शिकला,” ते म्हणाले. जरा वेळाने: “हा नवीन आहे म्हणून चांगला आहे. दोन वर्षं जाऊ द्या.”

एकूण हिशेब: स्कॅनर 25, मॉड्यूल 310, पोलिश माणूस 150, चाकामागचा प्लास्टिकचा पडदा 40, स्प्रे 8, चिंच वाया. अनामत 75 डॉलर परत मिळायची होती. त्यासाठी जुना मॉड्यूल तीस दिवसांच्या आत परत पाठवायचा होता. मी बॉक्स तयार ठेवला होता, त्यावर पत्ता चिकटवला होता. मॉड्यूल मात्र सापडेना.

मामा परत जायच्या आदल्या रात्री बॅगा काट्यावर चढवल्या, तर त्यांची बॅग साडेतेवीस किलो भरली. सासूबाईंनी न बोलता तिच्यातून नातेवाइकांसाठी घेतलेल्या चॉकलेटची दोन पाकिटं काढली आणि चेन लावली. मी काही विचारलं नाही.

तो मॉड्यूल सध्या गावाकडच्या घरात, बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये, निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या शाल-श्रीफळाच्या फोटोशेजारी ठेवलेला आहे. खाली मामांच्या अक्षरात कागदाची चिठ्ठी आहे: ‘कंट्रोलर (निलंबित)’. कोणाला बघायचा असेल तर जरूर जावं, चहा मिळेल. फक्त दुपारी चारच्या आधी नको; तेव्हा मामा झोपलेले असतात.